तळ्यापलीकडची हाक

या, असे जवळ सरका. कीर्तनात बुवा आख्यानाला लागले की माणसं नकळत पुढे सरकतात ना, तसे. एका वाट पाहणाऱ्याची गोष्ट सांगतो. भर दिवसाची आहे, तरी अंगावर काटा येईल.

तळ्याकाठच्या त्या रिसॉर्टचं गोल्फचं मैदान भल्याभल्यांना रडवायचं. शेवटच्या खळग्याला तर खेळाडू 'सासू' म्हणत. कितीही जपून वागा, पाणउतारा ठरलेला. मध्ये तळं, पलीकडे खळगा असलेली इवलीशी हिरवळ, तिच्या डाव्या अंगाला आणि मागेही पाणीच. स्पर्धेत इथवर पुढे असलेले कितीतरी जण इथे येऊन बुडाले.

एका वर्षी दोघे भाऊ आले. धाकटा खेळायचा, थोरला त्याची खेळाच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. शेवटच्या खळग्याशी धुकं उतरलं. थोरला हिरवळीवर जाऊन उभा राहिला, हाक दिली, "इकडे रे, इकडे." धाकट्याने मारलं. पुढे आवाज नाही. येणारा चेंडू शोधता शोधता थोरला मागे सरला होता, आणि मागे पाणी होतं. धाकट्याने डाव तसाच टाकला. तो चेंडू खळग्यात गेलाच नाही.

तेव्हापासून धुक्यात तीच हाक यायची. तिच्यावर नेम धरला की चेंडू पाण्यात.

थोरल्याची मुलगी बापाच्या मागे जन्मली. काकाने तिला खेळ शिकवला, तिच्या चेंडूंवर घरातली जुनी खूण, लाल टिंब, स्वतः काढायचा. मोठी होऊन ती त्याच स्पर्धेत उतरली. तिला चषकाची हौस नव्हती. बापाचा आवाज एकदा कानी पडावा, एवढंच. पिशवी घेऊन काका सोबत आला. तिथे त्याचं पाऊल त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पडत होतं.

शेवटच्या खळग्याशी धुकं आलं. मग हाक आली.

"काका, बाबांचा आवाज असाच होता?"

"असाच. थंडीत जरा घोगरा व्हायचा."

"मग तिकडेच मारते."

"नको. तो नेहमी डाव्या काठाला उभा राहायचा. म्हणायचा, तुझा काय भरवसा, माझंच टाळकं फोडशील. हाक सोडून उजवीकडे मार."

तिने मारलं. दोघं वळसा घालून पोचली, तर चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर. खळग्यातला झेंडा कुणीतरी आधीच उपसून डावीकडे गवतावर अलगद आडवा ठेवलेला. काकाने तो पाहिला आणि मान फिरवली. थोरला असाच ठेवायचा.

चेंडू ढकलायची काठी हातात धरून ती थबकली.

"काका, हा आत गेला की...?"

"त्याचं काम संपलं. लाल टिंबाचा चेंडू आत गेलेला पाहायलाच तो थांबलाय."

"म्हणजे हाकही संपली. मी आत्ता कुठे ऐकली हो. नाही मारला तर?"

"तर तो उभाच राहील, पोरी. पाय दुखत असतील त्याचे."

धुक्यातून पुन्हा हाक आली. अगदी जवळून, हळू. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आला बघा चेंडू," आणि काठी चेंडूला हलकेच टेकवली.

चेंडू आत पडल्याचा आवाज झाला. डाव्या काठाकडून, खांद्यावरचं ओझं उतरवताना माणूस बोलतो तसं कुणी म्हणालं, "चला. झालं."

धुकं विरलं. काठावर कुणी नव्हतं. फक्त दवात दोन पावलांएवढं गवत दबलेलं होतं.

चषकावर तिचं नाव कोरलं गेलं. धुकं अजून येतं, हाक येत नाही. तरीही ती तिथे घटकाभर थांबतेच.

त्या पिशवी वाहणाऱ्याचं नाव कुठल्याच चषकावर नाही. म्हणून आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याची तेवढी आठवण ठेवा.