एका सॅमनची अट

लोरेटाने थर्मासमधली उरलेली कॉफी गवतावर ओतून टाकली. कॉफी कधीच थंड झाली होती. तिची पावलंही गारठली होती, आणि डोकं मात्र सकाळपासून तापलेलं होतं. समोर काठावरच्या सपाट खडकावर तिचे वडील उभे होते. शहाऐंशी वर्षांचे अल्देज गान्यों गळाची काठी मागे झुलवून, लांब दोरी हवेत सोडून, पिसांची बांधलेली इवलीशी माशी पाण्यावर अशी अलगद ठेवत होते, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं.

"पपा, हात बधिर झाले असतील. जरा गाडीत बसा."

"गाडीत मासे नसतात."

"इथं तरी कुठं आहेत? ते तिकडं आहेत, उतारापाशी. सगळं गाव तिकडं आहे."

"म्हणून तर मी इथं आहे."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, यालाही काही मर्यादा असते.

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, होड्या पाण्यात उतरवायच्या सिमेंटच्या उतारावर, माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. दर नोव्हेंबरात सरकारी ट्रक तिथेच येऊन मासे तळ्यात सोडून जायचा. हे सॅमन समुद्र बघितलेले नव्हतेच. अंड्यांसाठी हौदात पाळलेले, हातभर लांब, पोट सुटलेले, आता अंड्यांच्या कामाचे न राहिलेले. जन्मभर माणसाच्या हातचं खाल्लेलं, त्यामुळे माणसाची भीती अशी त्यांना नाहीच. मूठभर बारीक खडी पाण्यावर फेकली, की खाण्याच्या गोळ्याच पडल्या असं समजून कोंबड्यांसारखे धावत यायचे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रक येऊन गेला की उतारावरची खडी हळूहळू तळ्यात जायची आणि तळ्यातले सॅमन लोकांच्या फ्रीजरमध्ये.

पपांना याची शिसारी होती. "ही काय मासेमारी आहे? ही बाजारहाट," असं म्हणून ते खडी फेकणाऱ्याकडे पाठ फिरवायचे.

त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी लोरेटाची हरकत नव्हती. पण तिचा जीव त्या एका माशात अडकला होता.

मागच्या हिवाळ्यात पपा स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडले. शेजारणीला काठी ठोकल्याचा आवाज येईपर्यंत ते जिन्याच्या तळाशी आडवे होते. हाड मोडलं नाही, हेच नशीब. तेव्हापासून लोरेटाने धोशा लावला, की आमच्याकडे राहायला या. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम सांभाळून तिने शिवणाची खोली रिकामी केली, नवे पडदे शिवले. तिच्या नवऱ्याने, नॉर्मने, भिंत फोडून मोठी खिडकी बसवली. पपा येऊन खोली बघून गेले.

"छान आहे," ते म्हणाले होते. "खिडकीतून तुमचं गॅरेज दिसतं."

उन्हाळा असाच गेला. शेवटी एका रविवारी जेवताना लोरेटाला रडू कोसळलं. काटा खाली ठेवून ती हमसून हमसून रडली. पपा बराच वेळ ताटलीतल्या वाटाण्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "एक सॅमन. आपल्या तळ्यातला, माझ्या काठीला लागलेला. तो मिळाला की त्याच दिवशी सामान बांधतो. तोपर्यंत या विषयावर एक शब्द नाही."

लोरेटाने डोळे पुसता पुसता हात पुढे केला. तिला वाटलं, सौदा स्वस्तात पटला. या तळ्यात नोव्हेंबरात मासा न लागणं अवघड! पहिलीतली पोरंही घेऊन जातात. आणि गान्यों घराण्यात दिलेला शब्द मोडत नाहीत, हे तिला पाळण्यात असल्यापासून ऐकवलेलं होतं.

आता नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सणही होऊन गेला होता. कडेकडेने तळ्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरायला लागला होता. आणि पपांच्या काठीला मासा तर सोडाच, साधं गवतही लागलं नव्हतं.

"तुझा बाप मासा धरायचा नाही," नॉर्म रोज रात्री टीव्हीसमोरून म्हणायचा. "माशालाच कधीतरी दया येऊन तो बाहेर येईल."

गावात केस कापायचं दुकान चालवणारा वेस कोवाल्चिक उतारावरून परत निघाला होता. त्याच्या हातातल्या पिशवीतून दोन शेपट्या बाहेर आल्या होत्या. वाट वाकडी करून तो लोरेटापाशी थांबला.

"अजून भोपळाच?"

"बघतोयस ना."

"त्यांच्या पिशवीत एक टाकू का? मला दोन काय करायचेत! बायको म्हणते, अजून एक सॅमन आणलास तर त्याच्याचकडे राहायला जा."

"ते ओळखतील."

"मासा काय चुगली करणार आहे?"

"मासा नाही करणार. मीच बोलून जाईन," लोरेटा वैतागून म्हणाली. "त्यांच्यासमोर खोटं बोलता येत नाही रे मला. साठीला आले, पण अजून नाही."

वेस हसला. जाता जाता वाकून त्याने मूठभर खडी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "मग हे घे. हे खोटं नाही. हे जेवणाचं आमंत्रण."

तिने खडी कोटाच्या खिशात टाकली ती केवळ तो समोरून हलावा म्हणून.

थोड्या वेळाने पपांनी काठी तिच्यापुढे धरली. त्यांना झाडांकडे जायचं होतं. त्यांच्या वयात हे जाणं म्हणजे एक प्रवासच असतो.

"काठी धर," ते म्हणाले. "माशी पाण्यातच राहू दे. दोरी सैल सोडू नकोस."

"आणि लागला तर?"

"लागायचा नाही."

"पण लागला तर?"

"तर हाक मार," पपा म्हणाले आणि चालायची काठी टेकत पाइनच्या झाडांकडे चालू लागले. त्यांची पाठ झाडाआड होईपर्यंत लोरेटा बघत राहिली.

मग तिने हातमोजा काढून खिशात हात घातला. बापाच्या काठीने, बापाच्या पाठीमागे हे असलं करताना तिचे कान तापले. पण पडदे डोळ्यांसमोर आले, जिन्याचा तो तळ डोळ्यांसमोर आला, आणि तिने ती खडी सरळ माशीच्या आजूबाजूला भिरकावली.

पाण्यावर टपटप झाली. काही क्षण काहीच नाही. मग डावीकडून पाणी फुगल्यासारखं वर आलं आणि एक काळसर, जळणाच्या ओंडक्याएवढी पाठ वळली. दोरीला हिसका बसला. लोरेटाने दोन्ही हातांनी काठी वर खेचली.

रिकामी.

"अरे देवा," ती पुटपुटली. पायाजवळची खडी उचलून तिने पुन्हा फेकली. मासा पुन्हा आला. यावेळी तिने त्याचा जबडा मिटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. काठी वाकली, आणि पुन्हा सरळ झाली. तिसऱ्या वेळीही तेच. मासा माशी चघळून थुंकून देत होता, आंब्याची कोय टाकावी तशी.

लोरेटाने दोरी भराभर गोळा करून माशी हातात घेतली. पिसं छान होती, गाठ पक्की होती. पिसांखाली गळ होता, त्याचा बाकही होता. फक्त टोक नव्हतं. तिने त्यावरून बोट फिरवलं. पकडीने टोक छाटून वर कानस मारलेली होती. गुळगुळीत. बाळाच्या हातात दिली असती तरी चाललं असतं.

खडकावर पपांचा पत्र्याचा डबा होता. तिने तो उघडला. आत माश्या रांगेत टोचून ठेवलेल्या असायच्या. आज त्या नुसत्या खोचलेल्या होत्या. तिने एकेकीवर बोट फिरवलं. तांबडी, हिरवी, करड्या पिसांची, सोनेरी तार गुंडाळलेली. एकीलाही टोक नव्हतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. शाळेतून रजा काढून रोजचं हे गारठणं, नॉर्मची बोलणी, ते पडदे! तिला झाडांपर्यंत जाऊन ओरडावंसं वाटलं, की राहायचं नव्हतं तर सरळ तोंडाने सांगायचं होतं, ही थट्टा कशाला? ती दोन पावलं निघालीसुद्धा.

आणि थांबली. तोंडाने त्यांनी सांगितलंच होतं, उन्हाळाभर. गॅरेज दिसतं, म्हणाले होते. मग ती रडली होती. रडणाऱ्या मुलीला नाही म्हणणं या माणसाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि दिलेला शब्द मोडणं त्याहून जमणारं नव्हतं. दोन्हींच्या मध्ये कुठे मार्ग सापडेना, तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलाशी, चष्मा नाकावर ओढून, त्यांनी पकड हातात घेतली असणार.

तिला राग आला होता तो आलाच होता. पण आता तो नेमका कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

तिने डबा बंद केला. पपा कोटाच्या गुंड्या लावत येत होते.

"काही लागलं?"

"लागला होता. तीनदा."

"मग?"

"सुटला."

पपांनी तिच्या उघड्या हाताकडे पाहिलं. बोटांना खडीची धूळ होती. मग डब्याकडे पाहिलं. डब्याची कडी ते नेहमी आतल्या बाजूला वळवायचे. आता ती बाहेर होती.

"सुटतात," ते म्हणाले.

खडकावर बसून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या पट्टीत वर्षानुवर्षं खोचलेली एक काळी-पिवळी माशी होती. लोरेटाची आई असताना दोघं उत्तरेला क्विबेकच्या नदीवर जात, तेव्हाची. खऱ्या, समुद्रातून चढून येणाऱ्या सॅमनसाठी बांधलेली. तिच्या पिसांचा रंग उडाला होता. पपांनी ती अलगद सोडवून लोरेटाच्या तळहातावर ठेवली.

"ही बांध. माझी बोटं आज चालत नाहीत."

सकाळपासून सगळ्या गाठी त्यांनीच मारल्या होत्या.

"जपून," पपा म्हणाले. "हिला टोक आहे."

ती गाठ मारू लागली. पपा पाण्याकडे बघत राहिले.

"काठी माझी आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "काठीला लागला की झालं. कुणी धरली होती, ते ठरलेलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द."

लोरेटा उभी राहिली. खडीच्या आशेने आलेला तो मासा अजून डावीकडे, काठापासून हाकेच्या अंतरावर, घुटमळत होता. पाणी फुगत होतं आणि बसत होतं. पोट सुटलेला, बिनडोक, भुकेला. लहानपणी याच खडकावर पपांनी तिला काठी झुलवायला शिकवलं होतं. तिथवर दोरी टाकणं तिला डोळे मिटूनही जमलं असतं. मासा लागला असता. आजच सामान बांधायला घेतलं असतं, आणि पपांनी हूं की चूं केलं नसतं.

तिने काठी मागे झुलवली आणि दोरी सोडली. माशी उजवीकडे, लव्हाळ्यांजवळ जाऊन पडली.

पपांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मासा डावीकडे आहे," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

तिने दोरी गोळा केली. पुन्हा टाकली. पुन्हा उजवीकडे.

"पपा, शनिवारी नॉर्म येईल तुमच्याकडे. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लावायचाय. आणि वरचा पलंग खाली आणायचा."

पपांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं. टोपी हातात तशीच होती, पांढरे केस वाऱ्याने उडत होते. मग त्यांनी टोपी घातली आणि नाक ओढलं.

"पलंग वरच राहील," ते म्हणाले. "कठडा लाव म्हणावं."

तेवढ्यात डावीकडचा तो सॅमन सगळाच्या सगळा पाण्याबाहेर आला आणि धबकन आदळला. पपा खडकावरून ताडकन उठले.

"बघ, बघ, केवढा आहे! अगं, टाक की आता! तिकडं नव्हे! मनगट कशाला वाकवतेस? कोपर आत घे! तुझी आईसुद्धा हेच करायची, हजारदा सांगितलं तिला. डावीकडे, लोरेटा, डावीकडे! एवढा मोठा मासा दिसत नाही तुला?"

"दिसतोय, पपा," लोरेटा म्हणाली. तिने दोरी गोळा केली, कोपर आत घेतलं, मनगट ताठ धरलं आणि माशी पुन्हा लव्हाळ्यांकडे टाकली.