न पोचलेलं हसू

तापात सकिना बगळ्यांमधून चालत होती. खाडीकाठच्या भाताच्या खाचरांत घोट्याएवढं पाणी, त्यात पांढरे बगळे एका पायावर उभे, आणि ही इतकी जवळून गेली तरी एकही उडेना. "माझ्या सुनेचं काय झालं रे?" ती त्यांना विचारी. बगळे नुसती मान वळवत, आणि पाण्यातून बारीक गुणगुण उठे. तिचा नवरा करीम सांगतो, असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांतच तिकडे राजापूरला, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेला, महरीनला, मुलगी झाली. सकिना आजी झाली, पण हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक.

जपानी मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. हा विषाणू डुकरांत नाहीतर बगळ्यांत वाढतो. साचलेल्या पाण्यातला डास तिन्हीसांजेला त्यांना चावतो, मग माणसाला.

"आमच्या मोहल्ल्यात डुक्कर कुठला, साहेब?" करीमला वाईटच वाटलं.

"रानडुकरं काय मोहल्ला बघून येतात? आणि बगळ्यांवरही भागतं त्याचं."

माणसात शिरला की मात्र त्याचा रस्ता संपतो. माणसापासून माणसाला तो लागत नाही. घरी आल्यावर हे ऐकून सकिनाला त्याची जराशी कीवच आली. बगळ्याच्या अंगातून, डासाच्या सोंडेतून एवढा लांब आला, आणि बिचारा तिच्या डोक्यात येऊन अडकला. पण अडकला तो गुपचूप नाही. मेंदूच्या आत खोल, हालचाली सांभाळणारा जो भाग असतो, तिथे सूज आली. ताप उतरला, शुद्ध आली, पण पाऊल जड झालं, आवाज सपाट झाला आणि चेहरा हलेना. हसू यायचं. छातीत ऊन ऊन भरून यायचं, गळ्यापर्यंत चढायचं, आणि गालांची वाट विसरून जायचं. सुधारेल, डॉक्टर म्हणाले, पण किती ते आज सांगता येणार नाही.

मग तिने आपला उपाय काढला. सांगून टाकायचं. "हसतेय मी," ती शेजारच्या गंगुबाईला सांगे. गंगुबाई म्हणे, "बरं झालं सांगितलंस, मी पळणारच होते."

एक दिवस महरीनने मोबाइलवर बाळ दाखवलं. "अम्मी, ही झारा." पडद्यावर एवढीशी मूठ उघडली, मिटली. सकिना इतकी हरखली की सांगायचंच राहिलं. महरीनला दिसला तो नुसता कोरडा, ताठ चेहरा.

त्यानंतर फोन कमी झाले. आज बाळाला सर्दी, उद्या पाऊस. झारा तीन महिन्यांची झाली तरी सून येईना. शेवटी कुवेतहून मुलाचा, फहादचा फोन आला. "अम्मी, मुलगी झाली म्हणून नाराज आहेस? महरीन रडते गं. म्हणते, मी येतच नाही."

सकिनाने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही ह्या दोघांना सांगितलं नाहीत?"

"ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवायचं? आणि हा नोकरी टाकून धावत आला असता. म्हटलं, थोडा ताप होता, आता ठणठणीत."

"मी रागावलेय," सकिना म्हणाली, आणि सकाळच्या एसटीने राजापूरला निघाली. करीम पिशवी घेऊन मागोमाग. खिडकीतून कापणी झालेली शेतं सरकत होती. गाडी पळते की डोंगर, आपण जाग्या की झोपेत, तिला नीट कळेना.

विहीणबाईंनी सरबत दिलं. महरीन बाळाला उराशी धरून लांबच उभी राहिली.

"मुलगी आहे अम्मी. बदलून मिळणार नाही."

"हसतेय मी," सकिना म्हणाली.

"दिसतंय ना!"

मग सकिनाने त्याच सपाट आवाजात सगळं सांगितलं. पाणी, बगळे, डास, बारा दिवस, न हलणारा चेहरा. करीम मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी."

"डासाच्या नावावर काय काय खपवतात लोक," विहीणबाई भिंतीला ऐकवल्यासारखं बोलल्या.

"बाळ दे," सकिनाने हात पुढे केले. "माझ्यापासून लागत नाही, डॉक्टरांना विचारलंय."

महरीनने दिलं, पण हात जवळच ठेवला. झाराने आजीचं तोंड बराच वेळ न्याहाळलं. तिथे काहीच हलत नव्हतं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, आता रडणार. तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तिने आजीचं नाक मुठीत धरलं आणि गच्च ओढलं.

"ओढ, ओढ!" करीम म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत माझी हिंमत झाली नाही."

सकिनाचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. पण मांडीवरची झारा हलायला लागली. आधी हळू, मग वर-खाली, भरतीच्या पाण्यावरच्या होडीसारखी. हिंदकळत ती आनंदाने ओरडली.

"पाय हलवताय अम्मी?"

"नाही गो."

महरीनने वाकून सासूच्या पोटावर हात ठेवला. आत लाटांवर लाटा येत होत्या, थांबायचं नाव नाही. तिने हात काढला नाही. बराच वेळ.

"आई," मग ती मागे न बघताच म्हणाली, "झाराची झबली वाळली असतील तर काढून आण. दुपारची गाडी आहे आमची."