ज्याचा फोन त्यालाच

निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी गल्लीत तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणत, आणि तिलाही ते आवडे. फोन वाजला की तिचा हात अजूनही आधी केस कानामागे सारी. हेडफोन बसवायची सवय, दुसरं काय.

ती टेलिफोन एक्स्चेंजची लांबट खोली तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या बायका, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात फोन जोडायच्या दोऱ्या. एका दोरीवर कुणाचं लग्न ठरे, दुसरीवर कुणी गेल्याचं कळे, आणि पाळी संपवून बाहेर पडताना सगळ्या जणी फक्त चपलांच्या भावाबद्दल बोलत.

तिथल्या मोठ्या बाईंना सगळ्या माघारी हवालदार म्हणत. त्या दोन गोष्टी घोकून घेत. लाइन खरखरते, म्हणून ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायचं. आणि पीपी कॉल, म्हणजे एका ठरावीक माणसासाठी लावलेला फोन असला, तर तो येईपर्यंत घरच्यांना अवाक्षर सांगायचं नाही. "बायको असो नाहीतर बाप," हवालदार म्हणत, "ज्याचा फोन त्यालाच."

एकदा तिच्या नवऱ्याचाच फोन तिच्या हातून गेला. भावाकडे उसने पैसे मागत होता. दोन वाक्यं कानावर पडली आणि ती लाइनवरून बाजूला झाली. पुढे कित्येक महिन्यांनी, फिरायला गेले असताना, त्याने आपणहून सांगितलं, तेव्हा तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. सांगून मोकळा झाल्यावर तो घरी येईस्तोवर शीळ घालत होता.

आता मुलाची पाळी होती. फोटो स्टुडिओसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते, आणि ते त्याने फक्त आईला सांगितलं होतं.

"हिला मीच सांगणार. रविवारी. माझ्या तोंडून कळलं तर चिडेल, दुसऱ्याकडून कळलं तर माझ्यावरचा विश्वासच उडेल."

"मला गप्प राहायला शिकवतोस होय रे?" ती म्हणाली होती.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. सून आतल्या खोलीत इस्त्री करत होती.

"फोटो स्टुडिओवाल्यांच्या आई का? कर्जवसुलीकडून बोलतोय. मुलाला जरा समजवा, मावशी. कर्जाचे तीन हप्ते थकलेत."

लाइन खरखरली, आणि ऑपरेटरबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "कर्जाचे तीन हप्ते थकलेत."

आतली इस्त्री थांबली.

तोंडून काय गेलं ते ऑपरेटरबाईच्या ध्यानात आलं. मग संताप.

"मी सही केलीय? जामीन आहे मी?"

"नाही, पण घरचेच ना तुम्ही."

"म्हणून मला सांगायचं? तो घरात नसला तर 'फोन करा' एवढाच निरोप ठेवायचा. आमच्यात बोलघेवड्या मुलीला दुसऱ्या दिवशी स्टुलावरून उठवायचे. तुमच्याकडे कुणी आहे का असं?"

"साहेबच म्हणतात, घरात कळलं की पैसे लवकर येतात."

"मग साहेबांचं नाव सांग. तक्रार लिहायला हात अजून चालतो माझा."

पलीकडून फोन बंद झाला. सून दारात उभी होती.

"आई, कसले हप्ते?"

"त्यालाच विचार, बाई."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. त्या फोनवाल्याला ठाऊक होतं. मीच तेवढी परकी."

ऑपरेटरबाईने हातातला फोन जागेवर ठेवला.

संध्याकाळी मुलाने बूट काढायच्या आतच तिने सांगून टाकलं. "माझ्या तोंडून गेलं रे. सवयीने."

तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. "सांगायचं मला होतं, आई," एवढंच म्हणाला. आवाज चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग तो आत गेला. बायको टेबलाशी बसली होती.

"किती कळलंय तुला?"

"तीन हप्ते."

त्याने खुर्ची ओढली. "चार धर, या महिन्याचाही जमणार नाही. सुरुवातीपासून सांगतो."

तिने इस्त्रीचे कपडे बाजूला सरकवले. सासू बाहेर निघालेली पाहून म्हणाली, "बसा तुम्हीपण. तुम्हालाही अर्धवटच सांगितलं असेल त्यांनी."

ऑपरेटरबाई दारातच थांबून मुलाकडे बघत राहिली. त्याने मान हलवली, तेव्हाच ती बसली.