विस्तवाभोवती

स्तेलिओसने मागच्या अंगणातल्या शेगडीत मूठभर जव टाकले, वर ऑलिव्ह तेलाची धार धरली आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. यामिनीने लेकीला दिलं नाही.

"थांब जरा. तुझी आई गाडीतच बसलीय."

"बसू दे. बाप्तिस्म्याची तारीख ठरल्याशिवाय ती आत यायची नाही."

वडील गेल्यापासून स्तेलिओस ग्रीकांच्या जुन्या देवांकडे वळला होता. चर्चच्याही आधीचे देव. नव्या बाळाला घरच्या विस्तवाभोवती फिरवलं की ते घराचं होतं, असं तो सांगे. यामिनीच्या मनाला ते रुचत नव्हतं. तिच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडून धम्म स्वीकारला होता, आणि त्याच घरात ती वाढली होती.

"आजोबांनी स्वतःच निवडलं ना?" स्तेलिओस एकदा म्हणाला होता. "मग मलाही निवडू दे."

तेव्हा ती हो म्हणाली होती. पण आज समोर विस्तव पेटला आणि तिची मिठी काही सैल होईना.

"मोठी झाली की निवडेल ती तिचं," ती म्हणाली.

स्तेलिओस मागे सरून पायरीवर बसला आणि लांब पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत राहिला. त्याने डोळे पुसले. धूर तर दुसऱ्या बाजूला जात होता.

तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. काही केल्या थांबेना. मागचं फाटक करकरलं आणि नवरा गेल्यापासून काळेच कपडे घालणारी त्याची आई देस्पिना तरातरा आत आली.

"दे इकडे."

सुनेच्या हातून नात घेऊन तिने छातीशी धरली आणि गुणगुणत येरझारा घालायला लागली. अंगण ते केवढंसं! शेगडीला वळसा घातल्याशिवाय तिथे चालायला जागाच नव्हती. एक फेरी झाली. मग दुसरी.

स्तेलिओस सावकाश उभा राहिला. प्रार्थना म्हणावी तसे त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. यामिनीला सगळं दिसत होतं. आई, तिकडून नका जाऊ, एवढं म्हटलं असतं तरी फेऱ्या थांबल्या असत्या. तिने बाळाला पदराआड घ्यावं तसं रिकामं दुपटं पोटाशी घट्ट धरलं.

बाळ निजलं. देस्पिनाने अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि मान वर केली.

"काय झालं? असे काय बघताय दोघं?"

स्तेलिओसने यामिनीकडे पाहिलं.

"काही नाही, आई," यामिनी म्हणाली. "गारठा पडलाय. आत चला."