अम्मीने न सांगितलेला कोड

मुबीनाने स्वतःच्याच हाताने स्वतःला कंपनीच्या सर्व्हरबाहेर काढलं तेव्हा कळंबोलीतल्या त्या ऑफिसात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि चार वाजता पुण्याहून मोठे ट्रान्सपोर्टवाले डेमो बघायला येणार होते.

धर्मराज सरांची कंपनी ट्रकवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवायची. ते चालायचं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर. ते सर्व्हर उभे करायला एक टूल होतं. काय काय हवं ते फाइलीत लिहून ठेवायचं, की टूल क्लाउडवर जाऊन जसंच्या तसं उभं करायचं. मात्र टूलला आत शिरायला किल्ली लागते, एक आयडी आणि एक लांबलचक गुप्त ओळ. आजवर अख्खं ऑफिस आणि टूल एकाच किल्लीवर चाललं होतं, आणि मुबीनाला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. आज सकाळी तिने टूलसाठी वेगळा युजर बनवला, त्याला मोजकीच परवानगी दिली, नवी किल्ली काढली. इथपर्यंत शाबासकी द्यावी असं काम. मग बाईसाहेबांना आवराआवरीची हुक्की आली. नवी किल्ली चालते का हे न बघताच तिने जुनी पुसून टाकली, आणि ऑफिसातली सगळी लॉगिनं ज्यात होती त्या जुन्या ग्रुपची परवानगीही काढली. तिचं स्वतःचं लॉगिन त्याच ग्रुपात होतं.

टूल म्हणालं, परवानगी नाही. तिने स्वतःचं लॉगिन उघडलं. तिथेही तेच.

सहा वर्षं घरी राहून ती नोकरीवर परतली होती. तीन महिन्यांची बोली होती आणि ती आजच संपत होती. डेमो नीट झाला तर कायमचं पत्र देतो, असं सर सकाळीच म्हणाले होते. नवरा फारूक दोह्याला होता, त्याने फोनवर ‘बघ करून’ म्हटलं होतं. सासू हाजराबी मात्र काहीच बोलल्या नव्हत्या, आणि त्यांचं ते न बोलणं मुबीनाला जास्त लागलं होतं.

आता एकच वाट उरली होती, कंपनीच्या मुख्य खात्यातून शिरायचं. त्याचा पासवर्ड सरांकडे होता. पण पासवर्डवर भागत नव्हतं, वर सहा आकडी कोड लागायचा. तो दर अर्ध्या मिनिटाला बदलायचा आणि एकाच फोनवर दिसायचा. तो फोन म्हणजे मुबीनाचा जुना, सिमकार्ड काढलेला हँडसेट. मुख्य खातं रोज लागत नाही, तेव्हा हा फोन ऑफिसात नको, घरी सुरक्षित राहू दे, असं तिनेच सरांना पटवलं होतं. घरी नेऊन तो सासूबाईंकडे दिला होता, आणि देताना बजावलं होतं, “अम्मी, कोड कुणाला सांगायचा नाही. मी स्वतः फोन करून मागितला तरी नाही.”

तिने घरी फोन लावला.

“अम्मी, तो जुना फोन काढा आणि त्यावरचे सहा आकडे वाचून दाखवा.”

“नाय,” हाजराबी म्हणाल्या.

“अहो, मी मुबीना बोलतेय.”

“आवाज वळखते मी तुजा. तूच बोल्लीस ना, मी मागितला तरी देऊ नको म्हनून?”

“आता मीच सांगतेय ना, द्या.”

“तवा पन तूच सांगितलंस, बेटा. तुज्या बाजूला कोन उभा हाय ते मला हितनं काय दिसतंय?”

“बाजूला फक्त धर्मराज सर आहेत.”

“बघ. हाय ना कोन तरी,” हाजराबी म्हणाल्या. “मीच घेऊन येते.” आणि फोन ठेवला. नंतर तो कितीदा लावला तरी उचलला नाही.

पनवेलच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता. एक वाजला, दीड वाजला. सर खिडकीशी जाऊन रस्ता बघून येत होते. मुबीनाच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसत चालली, की अम्मी हे मुद्दाम करतायत. त्यांना सून घरी हवी आहे, आणि आज आयती संधी चालून आली. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

दोनला पाच कमी असताना हाजराबी दोन जिने चढून, कठड्याला धरत दारात उभ्या राहिल्या. नमाज पढून निघाल्या होत्या आणि रिक्षावाल्याने लोखंड बाजाराच्या तीन गल्ल्या फिरवल्या होत्या. पनवेलच्या बाजारापलीकडे एकट्या रिक्षाने त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला, डब्यातून रुमाल, रुमालातून फोन. मग त्या सरांकडे वळल्या.

“भाऊ, तुमी जरा तिकडं बघा.”

खात्याचा मालक मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुबीनाने कोड टाकला आणि दार उघडलं. आपली परवानगी तिने परत घेतली, टूलच्या युजरला कमी पडलेली दिली, आणि या वेळी आधी किल्ली चालवून बघितली. स्क्रीनवर एकेक सर्व्हर उभा राहत गेला. हाजराबी खुर्चीवर बसून चहा पीत होत्या आणि आपल्याला काही विचारू नये अशा चेहऱ्याने सगळं बघत होत्या. फोन त्यांना परत देताना कुठे मुबीनाचं लक्ष बॅटरीकडे गेलं. अठ्ठ्याण्णव टक्के.

“अम्मी, हा चार्ज कुणी केला?”

“मी. दर जुम्म्याला लावते. तू बोल्ली नवतीस, पन बंद पडला असता तर काय केलं असतंस?”

मुबीनाच्या डोक्यात तो विचार तीन महिन्यांत एकदाही आला नव्हता.

चारचा डेमो सुरळीत झाला. साडेपाचला पत्र पर्समध्ये घालून ती अम्मींसोबत रिक्षात बसली. कळंबोली सर्कलला ट्रेलरांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा तिला राहवलं नाही.

“अम्मी, खरं सांगते. मला वाटलं तुम्ही मुद्दाम उशीर करताय. माझी नोकरी तुम्हाला नकोय.”

“नकोच होती,” हाजराबी शांतपणे म्हणाल्या. “मंग तू तो फोन माज्या हातात दिलास. तुज्या आईकडं नाय ठेवलास, फारूकला पन नाय सांगितलंस. चाळीस वर्सं झाली मला या घरात येऊन. कोनी म्हनून आपली कामाची चीज भरोशानं माज्याकडं ठेवली नाय. मी बोल्ले, हिची नोकरी ऱ्हायला पायजे.”

मुबीनाने तो फोन त्यांच्याकडे दिला होता, कारण घरात कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच होतं. त्यापलीकडे तिने काही विचार केला नव्हता. हे सांगायला तिने तोंड उघडलं, अम्मींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि या बाईची इतकी माया आली की काय करावं कळेना. रिक्षा खड्ड्यांतून निघाली तशी तिने अम्मींच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पनवेल येईपर्यंत काढला नाही.