खिंडीतला फेटा

दिग्विजयने माधवीच्या सायकलच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह नखाने दाबला आणि मनात आकडे मोजू लागला. दहापर्यंत मोजायचं ठरलं होतं. आठाला स्वयंपाकघरात कप वाजला आणि त्याने हात काढून घेतला.

टायर बसला नव्हता. नुसतं पाहून कुणाला कळलं नसतं. पण चढावर एवढीशी हवा कमी असली तरी माणूस रडकुंडीला येतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

तसं पाहिलं तर सगळं त्यानेच शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माधवीला रक्तातल्या साखरेची भीती घातली, तेव्हा बेचाळिशीतल्या बायकोची सायकल मागून धरून मैदानभर धावणारा नवरा म्हणून गल्लीने त्याचं कौतुक केलं होतं. लोणी भापकर गाव मागे टाकून सुप्याच्या बाजूच्या माळावर चढत जाणारा आतला रस्ताही त्यानेच हुडकलेला. त्या रस्त्याला ना एसटी, ना कंपन्यांच्या बस. दोन्हीकडे ज्वारी, पुढे कुसळांचं माळरान, एखादा चिंकारा थबकून बघणार आणि शेवटी मसोबाच्या खिंडीचा साडेतीन किलोमीटरचा चढ. एका रविवारी त्याने मोठ्या मनाने तो तिला दाखवला. आता ती शिकवायची त्या शाळेला सुटी असली की बाई तिकडेच. ज्वारी राखणाऱ्या बाया तिला नावाने हाका मारायच्या, हुरडा बांधून द्यायच्या. इतक्या वर्षांत दिग्विजयला तिथे कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

आणि सप्टेंबरात तिने खिंडीच्या चढाची वेळ मोडली. त्याची वेळ.

बारामती-इंदापूरच्या सायकलवाल्यांच्या क्लबची एक यादी होती. तिच्यात दोन वर्षं पहिलं नाव दिग्विजयचं होतं, दहा मिनिटं बावन्न सेकंद. माधवीने मोबाइलवर नोंदवून आणले दहा एक्केचाळीस. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडली. त्यानेही तीन टाकली, आणि त्या दिवशी आपल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे पाइप कापून दिले.

सरळ सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं. बायको असली म्हणून काय झालं? उलट बायको असल्यामुळेच जास्त दुखत होतं. दुसरा कुणी असता, तर निदान घरी येऊन बायकोपाशी त्याला नावं ठेवता आली असती.

त्यातून एक गोष्ट त्याची त्यालाच ठाऊक होती. त्या दहा बावन्नमधला निम्मा चढ त्याचा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी, हंगाम ऐन भरात असताना, कारखान्यावर ऊस टाकून परतणारा रिकामा ट्रॅक्टर मागून आला. लहानपणी शाळेत जाताना जे करायचं, तेच त्याच्या हाताने आपसूक केलं. ट्रॉलीचं मागचं लोखंड धरलं ते खिंडीच्या अलीकडच्या वळणावर सोडलं. घरी आल्यावर उजव्या हातमोज्यावर गंजाचा पट्टा दिसला. "चेन पडली हुती," असं त्याने माधवीला सांगितलं आणि मोजा धुण्यात टाकला.

म्हणजे ट्रॉली धरूनही जे जमलं नाही, ते या बाईने नुसत्या पायांनी केलं होतं. तिनेही ट्रॉली धरली असेल, असं त्याने दोन दिवस मनाशी घोळवून पाहिलं. पण सप्टेंबरात कारखाने बंद. धरायला रस्त्यावर ट्रॉलीच नव्हती.

मग त्याने राजवर्धनला फोन लावला. राजवर्धन दातांचा डॉक्टर, क्लबचा सगळा कारभार तोच बघायचा.

"मोबाइलचा काय भरवसा?" दिग्विजय म्हणाला. "मान द्यायचा तर समोर चढून दाखवू दे. घरचा माणूस हाय म्हणून मीच सांगतोय, न्हायतर उद्या लोक बोलतील."

राजवर्धनने तो नियम म्हणून ग्रुपवर टाकला. माधवीने भाकरी थापता थापता वाचलं.

"चालंल की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मान म्हणजे फेटा. वेळ मोडणाऱ्याच्या डोक्याला आधीच्या मानकऱ्याने खिंडीत फेटा बांधायचा, अशी क्लबची रीत. दिग्विजय पहिलाच मानकरी, त्याच्या आधी कुणी नव्हतं. म्हणून त्याला तो माधवीने बांधला होता. त्याचा फोटो दुकानात, गल्ल्याच्या वर, चौकट करून लावलेला होता.

आता माधवी हेल्मेटचा पट्टा लावत अंगणात आली. चढून दाखवायचा दिवस आजचाच, सायकली पिकअपमध्ये चढवायच्या होत्या. तिने आधी वाकून पुढचा टायर दाबला, मग मागचा. मागचा तिने दुसऱ्यांदा दाबला.

"हवा कवा भरली?"

"रातच्यालाच की."

तिने पंप आणला, काटा बघत हवा भरली आणि पंप जागेवर ठेवून आली. दिग्विजय तेवढा वेळ पिकअपची काच पुसत होता. काच पुसलेलीच होती.

चढाच्या पायथ्याशी दोघंच होते. राजवर्धन आणि बाकीचे वर खिंडीत घड्याळ लावून थांबलेले. जुना मानकरी म्हणून दिग्विजयने मागून साक्षीला यायचं, हेही त्यानेच सुचवलं होतं. त्याने फोनवर राजवर्धनला "निघाली" म्हणून सांगितलं आणि माधवी सुटली.

पहिला किलोमीटर तो तिच्या मागे वीस-पंचवीस हातांवर राहिला. ती दमेल याची वाट बघत होता. तिची पाठ हलत नव्हती, पाय जात्यासारखे एका लयीत फिरत होते. चढ वाढला तसं त्याचंच तोंड कोरडं पडलं. मधलं अंतर पन्नास हात झालं. तिची सायकल मोडावी असं त्याला वाटलं. निदान चेन तरी पडावी.

तेवढ्यात मागून गाण्याचा आवाज आला. ट्रॅक्टर, मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या, उसाच्या पाचटाचे चार तुकडे उडवत. ट्रॅक्टर त्याच्या बरोबरीला आला आणि हळू झाला. चालवणाऱ्याने गाणं बंद केलं.

"दादा! वळखलं का? म्या कुंडलिक!" इंजिनाच्या वर आवाज काढत तो ओरडला. "धरा की मागं! त्या साली धरलं हुतं तसं! वैनींच्या म्होरं न्हेऊन सोडतो!"

तो मनापासून, भल्यासाठीच सांगत होता. त्याचा आवाज पलीकडच्या ज्वारीपर्यंत गेला असेल. पन्नास हातांवरच्या माधवीला तो ऐकू न जाणं शक्य नव्हतं.

एवढं ऐकून कुठल्याही बायकोने मागे वळून बघितलं असतं. माधवीने बघितलं नाही. तिच्या पायांची लयसुद्धा चुकली नाही.

दिग्विजयचा उजवा हात मात्र हँडलवरून उचलला गेला होता. तो कधी उचलला, त्यालाही कळलं नाही. त्याने तो हवेतल्या हवेत हलवला, 'जा तू' अशा खुणेचा. कुंडलिक हसला, गाणं परत लावलं आणि पुढे निघून गेला. ट्रॉलीचं मागचं गंजलेलं लोखंड बराच वेळ दिग्विजयच्या डोळ्यांसमोर हलत होतं.

तो वर पोहोचला तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या. दहा मिनिटं अडतीस. सप्टेंबरापेक्षाही तीन सेकंद कमी. इंदापूरहून आलेल्या दोघी माधवीला मिठी मारत होत्या. त्याची वेळ कुणी विचारली नाही.

"दादा, एवढा उशीर?" राजवर्धन म्हणाला.

दिग्विजयने तोंड उघडलं, पण माधवीच आधी बोलली.

"ट्रॉली आडवी आली त्यांना. हंगाम सुरू झालाय ना."

राजवर्धनने पिशवीतून अबोली रंगाचा फेटा काढला आणि त्याच्या हातात दिला. "चला दादा. हा मान तुमचाच."

माधवी हेल्मेट काढून मसोबाच्या दगडाशेजारी कट्ट्यावर बसली. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर एक समाधान होतं. तेही त्याला बघवत नव्हतं. फेटा बांधण्यात दिग्विजयचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. लग्नसराईत लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. आज मात्र दुसरा पेच सैल गेला, तिसरा त्याहून सैल. जाऊ दे, त्याने मनात म्हटलं. घटकाभरात सुटला तर सुटला.

"ढिला बांधताय," माधवी समोर बघत हळूच म्हणाली. बाकीचे फोन काढून फोटोसाठी मागे सरकत होते.

"न्हाय, बसतोय बरोबर."

"चेनचा डाग काळा असतो," तितक्याच हळू ती म्हणाली. "त्यो तांबडा हुता."

दिग्विजयचा हात थांबला.

"सकाळी मोजा धुतला आन् दुपारी हितंच तुमचा फेटा बांधला. तरी आवळून बांधला हुता."

"दादा, आवरा की!" राजवर्धन ओरडला. "ऊन चढतंय!"

दिग्विजयने तिच्या डोक्यावरचे तिन्ही पेच उलगडले, कापड झटकलं आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं.