कोठाराची उत्तरेची भिंत

कोठाराच्या उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय. आतून हात लावला की ओल लागते. मुलगी म्हणाली, पाडून टाकू, पत्र्याची शेड घालू. मी म्हटलं, आधी गवंड्याला दाखवू.

गवंड्याने हातोडीने दगडांमधल्या दरजा वाजवून पाहिल्या. "काका, हे सिमेंट कुणी भरलं?"

"मी. आतून, बाहेरून, दोन्हीकडून."

"मग भिंतीचा काय दोष?"

त्याने समजावलं. दोन हात जाड भिंत, मध्ये माती आणि खडी. पावसाचं पाणी आत जाणारच; ते चुन्याच्या दरजांतून हळूहळू वाळून जायचं. सिमेंटने ते कोंडलं.

अकरा वर्षांपूर्वी चुना भुगा होऊन पडत होता, म्हणून मी सिमेंट कालवलं. तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, चुनाच भरा. या भिंतीला चुन्याचीच सवय आहे." मी म्हटलं, तू तुझं स्वयंपाकघर बघ. पुढच्या वर्षी तिने बियाण्याच्या पिशव्या कोठारातून उचलल्या आणि आमच्या खाटेखाली ठेवल्या. मला वाटलं, रुसून करतेय. पाहुण्यांना सांगायचो, आमची राणी बियाण्यावर झोपते. सगळे हसायचे. तीही हसायची. बियाणं एकदाही बुरसलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

गवंड्याने दार ओढून घेतलं. उघडं दार उत्तरेच्या भिंतीला टेकतं. त्यामागे दाराएवढी जागा जुन्या चुन्याची निघाली. "ही कशी राहिली?"

मला आठवलं. त्या दिवशी ती दाराला पाठ लावून उभी राहिली होती. एवढं तरी राहू द्या, म्हणाली. कटकट नको म्हणून मी सोडलं होतं.

गवंड्याने तिथे तळवा टेकवला. "कोरडी आहे. पोट आलंय तेवढा भाग उतरवून परत रचू. बाकी सगळं सिमेंट छिन्नीने काढायचं आणि चुना भरायचा. वेळ लागेल, पण भिंत राहील."

मुलीला सांगितलं, पाडायचं नाही. चूक माझी आहे. तिने विचारलं, आईला कधी म्हणालात हे?

नाही म्हणालो. दहा वर्षं एका खाटेवर झोपतोय, खाली बियाणं आहे.

गवंडी सोमवारी येणार आहे. छिन्नी माझ्याकडे होती. दारामागे जिथे तिचा चुना संपतो आणि माझं सिमेंट लागतं, तिथून मी आजच सुरुवात केली.